भूतकाळ परत मागणारी माणसं

2 जानेवारी 1992 रोजी बर्लिनमध्ये काही जणांनी स्वतःवरच्या सरकारी फायली पहिल्यांदा उघडल्या. पूर्व जर्मनी हे राष्ट्र नकाशावरून जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. त्या राष्ट्राचं गुप्त पोलीस खातं, 'स्टासी', लोकांच्या रोषापुढे त्याआधीच कोसळलं होतं. खात्याची आपल्यावर पाळत होती, हे या वाचकांना पक्कं ठाऊक होतं. कित्येकांनी तुरुंगही पाहिला होता. पोलिसी डावपेच वाचायची त्यांच्या मनाची तयारी होती. पण फायलीत पानोपानी टोपणनावाने बोलणारा कुणीतरी असायचा, आणि वाचता वाचता तो ओळखीचा वाटू लागायचा. त्या संध्याकाळी घरात आपण चौघंच होतो. हे मी फक्त एकाशीच बोलले होते. या सहलीला कोण कोण होतं बरं? अशी जुळणी करत वाचणारा एका नावापाशी येऊन थांबायचा. कुणाच्या बाबतीत ते नाव जिवलग मित्राचं निघालं, कुणाच्या बाबतीत डॉक्टरचं, कुणाच्या बाबतीत सख्ख्या भावाचं. एका बाईच्या बाबतीत ते तिच्या नवऱ्याचं होतं.

विश्वासघात ही घरोघरी घडणारी गोष्ट. पण ती सहसा घराच्या चार भिंतींत राहते, बोलली गेली तरी कुजबुजत बोलली जाते, आणि तिला पुरावा क्वचितच असतो. जर्मनीत मात्र एकाच काळात लाखो माणसांना आपल्या माणसांनी काय केलं हे तारीखवार, लेखी वाचता आलं. आपल्या माणसाने दगा दिल्यावर मनाचं नेमकं काय होतं, आणि त्यातून सावरायला काय लागतं, हे समजून घ्यायचं तर त्या वाचकांकडे जावं लागतं.

घरात शिरण्याची सोय

1989 साली स्टासीकडे सुमारे 91 हजार पगारी कर्मचारी होते. त्यांच्याखेरीज सुमारे 1 लाख 89 हजार खबरे होते. देशाची लोकसंख्या होती जेमतेम 1 कोटी 64 लाख. म्हणजे दर 85-90 माणसांमागे एक खबऱ्या.

खबऱ्यांवर एवढी भिस्त ठेवायला कारण होतं. 1973 मध्ये पूर्व जर्मनी संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला, 1975 मध्ये त्याने हेलसिंकीच्या करारावर सही केली. जगात मान हवा होता, त्यामुळे विरोधकांना सरसकट तुरुंगात टाकणं अडचणीचं झालं. मग जानेवारी 1976 मध्ये खात्याने '1/76' या क्रमांकाची नियमावली काढली. माणसाला अटक न करता आतून पोखरून काढायचं, असा तिचा रोख होता. त्याची बदनामी करायची, नोकरीत सतत अपयश येईल अशी व्यवस्था करायची, मित्रांमध्ये एकमेकांविषयी संशय पेरायचा, जमलं तर संसार मोडायचा. प्रामाणिक माणूसच खबऱ्या आहे अशी वावडी उठवणं हाही त्यातलाच एक डाव होता.

हे काम दाराबाहेर गाडी लावून बसलेल्या पोलिसाच्या हातून होण्यासारखं नव्हतं. माणूस कशाला घाबरतो, कुणावर त्याचा जीव आहे, नवरा-बायकोत कशावरून वाजतं, हे त्याच्या पंगतीला बसणाऱ्यालाच कळणार. म्हणून खात्याला जवळची माणसं लागत. विश्वास हाच खात्याचा कच्चा माल होता.

'डोनाल्ड'

व्हेरा व्होलेनबर्गरचा जन्म 1952 चा. वडील स्वतः स्टासीत अधिकारी. मुलीने मात्र वेगळी वाट धरली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व बर्लिनच्या पांको भागात चर्चच्या आश्रयाने एक शांतता गट उभा राहिला, त्याच्या संस्थापकांत ती होती. त्यापायी तिची सत्ताधारी पक्षातून हकालपट्टी झाली. 17 जानेवारी 1988 रोजी रोझा लक्झेंबर्ग आणि कार्ल लीबक्नेश्ट यांच्या स्मरणार्थ निघालेल्या सरकारी मोर्चाकडे ती स्वतःचा फलक घेऊन निघाली. प्रत्येक नागरिकाला आपलं मत मांडण्याचा अधिकार आहे, हे देशाच्याच राज्यघटनेतलं कलम त्या फलकावर होतं. मोर्चापर्यंत पोचण्याआधीच तिला अटक झाली. सहा महिन्यांची शिक्षा, होहेनशोनहाउझनचा तुरुंग, आणि मग देशाबाहेर रवानगी. इंग्लंडमध्ये, केंब्रिजला राहून ती शिकली आणि बर्लिनची भिंत पडली त्याच दिवशी, 9 नोव्हेंबर 1989 ला, परतली. पुढच्याच वर्षी ती संसदेत निवडून गेली. स्टासीच्या फायली नागरिकांना खुल्या कराव्यात यासाठी जे झटले त्यांत ती आघाडीवर होती.

या सगळ्या वर्षांत क्नूड तिच्या सोबत होता. गणितज्ञ, कवितेत रमणारा, आई-वडिलांपैकी एक डॅनिश असल्यामुळे इतरांपेक्षा थोडा मोकळा वाटणारा. 1980 मध्ये त्यांचं लग्न झालं, मुलं झाली. गटाच्या बैठकांना तो येई, चर्चेत भाग घेई.

फायलींतला 'डोनाल्ड' हा खबऱ्या म्हणजे क्नूड होता. व्हेराशी ओळख होण्याच्या कितीतरी आधीपासून, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून, तो खात्यासाठी काम करत होता. घरातली बोलणी, येणारे-जाणारे, पुढचे बेत, सगळं तो कळवत असे. त्याच्या अहवालांत बायकोचा उल्लेख एखाद्या परक्या बाईसारखा येतो. संसारातला नवरा आणि कागदावरचा 'डोनाल्ड' यांची सांगड घालणं हे कोणत्याही चौकशीपेक्षा अवघड काम होतं, आणि ते तिला एकटीने करायचं होतं. 1992 मध्ये तिने घटस्फोट घेतला आणि माहेरचं नाव पुन्हा लावलं. आज जर्मनी तिला व्हेरा लेंग्सफेल्ड म्हणून ओळखते.

वजाबाकी मागच्या वर्षांतून होते

चोरी झाली की आज घरात जे आहे ते जातं. नोकरी गेली की उद्याची चिंता लागते. आपल्या माणसाने दगा दिला की जे दिवस जगून झाले, ज्यांना आता कोणी हात लावू शकणार नाही असं वाटत होतं, तेच हातचे जातात. लग्नाचा वाढदिवस, मुलाचं आजारपण, एकमेकांच्या गळ्यात पडून रडलेली रात्र. घडलं तेव्हा ते खरंच होतं, पण आता प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह लागतं. तो तेव्हा काय विचार करत होता? मला कुशीत घेतलं ते मला धीर द्यायला, की उद्या कुणाला सांगायला काही मिळेल म्हणून? हिशेबाच्या जुन्या वहीत एक रक्कम खोटी निघाली की तिच्यापुढची प्रत्येक बेरीज नव्याने करावी लागते, तसं मन एकेक वर्ष उलटतपासत मागे जात राहतं. बाहेरच्यांना वाटतं, ही बाई भूतकाळात अडकली आहे. खरं म्हणजे तिचा भूतकाळ तिच्याकडे उरलेलाच नसतो.

दुसरा घाव बसतो तो स्वतःच्या पारखीवर. शत्रूने मारलं तर माणूस शत्रूला दोष देतो. आपल्याने मारलं तर तो स्वतःला विचारतो, मला कसं दिसलं नाही? आणि आजूबाजूचेही नेमकं तेच विचारतात. 'इतकी वर्षं एका घरात राहून तुला पत्ता लागला नाही?' या प्रश्नात सहानुभूती कमी आणि आरोप जास्त असतो. फसवणारा उघडा पडतो आणि लाज वाटते ती फसलेल्याला.

या प्रश्नाला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्राइड यांनी दिलेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. 1990 च्या दशकात त्यांनी विश्वासघातातून होणाऱ्या आघाताचा सिद्धान्त मांडला, 1996 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. सिद्धान्ताचा गाभा असा: ज्याच्यावर आपलं जगणं अवलंबून आहे त्याने दगा दिला, तर तो न दिसणं हीच मनाची संरक्षणाची रीत असते. दुकानदाराने मापात मारलं तर ते चटकन लक्षात येतं, कारण दुसऱ्या दुकानात जाता येतं. लहान मुलाला बाप बदलता येत नाही. एकाकी पडलेल्या बायकोला घरातला एकमेव आधार सोडून देता येत नाही. दगा दिसला तर नातं तोडावं लागेल, आणि नातं तुटलं तर उभंच राहता येणार नाही. अशा वेळी मन खुणांकडे पाठ फिरवतं. फ्राइड यांनी हे मुख्यतः लहानपणी घरातच अत्याचार सोसलेल्यांविषयी लिहिलं, पण जिथे जिथे माणूस दुसऱ्यावर विसंबून आहे तिथे ते लागू पडतं. 'तुला कळलं नाही कसं?' याचं उत्तर असं आहे: कळणं परवडणारं नव्हतं. यात मूर्खपणाचा लवलेश नाही.

भाऊ आणि वैद्य

हान्स योआखिम शेडलिश हे नावाजलेले जर्मन कथाकार. 1976 मध्ये गायक-कवी वोल्फ बीअरमान यांचं नागरिकत्व सरकारने काढून घेतलं, त्या निषेधाच्या पत्रकावर त्यांनी सही केली. सरकारने पूर्वेत छापू न दिलेलं त्यांचं पुस्तक पुढच्या वर्षी पश्चिम जर्मनीत प्रसिद्ध झालं आणि डिसेंबर 1977 मध्ये त्यांना कुटुंबासह देश सोडावा लागला. थोरला भाऊ कार्लहाइन्झ इतिहासकार होता, घरातल्या मुलांचा लाडका काका. 1992 च्या सुरुवातीला हान्स योआखिम यांनी फाइल वाचली तेव्हा 'शेफर' या टोपणनावामागे त्यांना हाच भाऊ सापडला. पूर्व बर्लिनमधल्या घरांत दोन्ही जर्मनींचे लेखक खासगीत भेटून एकमेकांना लेखन वाचून दाखवत. ग्युंटर ग्रासही त्यांत असत. त्या बैठकांची खबरही 'शेफर'ने दिली होती.

कार्लहाइन्झने डिसेंबर 2007 मध्ये बर्लिनमध्ये स्वतःचं आयुष्य संपवलं. हान्स योआखिम यांची मुलगी सुझान हिने 2009 मध्ये या काकावर आणि आपल्या निर्वासित बालपणावर पुस्तक लिहिलं. दगा दोघा भावांमधला होता. त्याचं ओझं मात्र पुढच्या पिढीच्या खांद्यावर आलं, कारण काका गमावला होता तो मुलांनीही.

हाइन्झ एगर्ट हे ओयबिन गावातले पाद्री. 1980 च्या दशकात ते आजारी पडले, खचले, मनोरुग्णालयात दाखल झाले. राजवट गेल्यावर ते सॅक्सनी राज्याचे गृहमंत्री झाले. मंत्रिपदावर असताना त्यांनी फाइल वाचली आणि ज्या डॉक्टरच्या हाती त्या दिवसांत त्यांनी स्वतःला सोपवलं होतं तोही खबऱ्या होता, हे त्यांना समजलं. डॉक्टरपुढे माणूस कपडे उतरवतो, मनोविकारतज्ज्ञापुढे त्याहून अधिक काही. तिथला दगा माणसाला दुहेरी मारतो. आधी जखम होते, आणि मग ती दाखवायची कुणाला हेच कळेनासं होतं.

पाळतीचे बळी ठरलेल्या कित्येकांना पुढे वर्षानुवर्षं झोप आली नाही, गर्दीत पाठ दाराकडे करून बसवलं नाही. नव्याने ओळख झालेला माणूस जितका चांगला वागेल तितकी त्याची भीती वाटू लागली. अशांसाठी बर्लिनमध्ये 1998 साली 'गेगेनविंड' नावाचं समुपदेशन केंद्र सुरू झालं. ज्यांना कधी तुरुंगात टाकलं नाही पण आतून पोखरून काढलं, त्यांच्या हानीची कायद्याने दखल घ्यायला 2019 उजाडावं लागलं. भरपाई तेव्हा ठरली एकरकमी 1500 युरो. पैसे थोडे होते. पण तुमचं नुकसान खरं होतं, तो तुमच्या मनाचा खेळ नव्हता, एवढं तरी सरकारने लिहून दिलं.

उघडायच्या की जाळायच्या?

या फायली उरल्या त्याचं श्रेय सामान्य माणसांना आहे. 1989 च्या डिसेंबरात एरफुर्टच्या स्टासी कचेरीच्या धुराड्यातून संशयास्पद धूर येऊ लागला, तेव्हा 4 तारखेला नागरिकांनी, त्यात स्त्रियांनी पुढाकार घेऊन, कचेरीत शिरून ती ताब्यात घेतली. 15 जानेवारी 1990 रोजी बर्लिनचं मुख्यालय लोकांनी व्यापलं. कागद फाडायची यंत्रं गरम होऊन बंद पडल्यावर कर्मचाऱ्यांनी हातांनी कागद फाडून पोती भरली होती. अशी सुमारे 16 हजार पोती सापडली. 1995 पासून न्युरेंबर्गजवळच्या त्सिर्नडॉर्फमध्ये एक चमू टेबलावर तुकडे पसरून, कडा जुळवून, चिकटपट्टीने पानं जोडत बसला. हातांनी जोडलेल्या पानांची संख्या पंधरा लाखांच्या पुढे गेली.

फायली खुल्या करू नयेत असं म्हणणारेही पुष्कळ होते, आणि सगळेच काही लपवणारे नव्हते. शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठेल, घरं फुटतील, गेलेलं उकरून काय मिळणार, असं त्यांचं म्हणणं. सप्टेंबर 1990 मध्ये बेर्बेल बोलाय, बीअरमान आणि इतर काहींनी मुख्यालय पुन्हा व्यापून उपोषण केलं. आमच्या आयुष्याचे कागद आमच्या हाती द्या, एवढीच मागणी. नोव्हेंबर 1991 मध्ये कायदा झाला. त्या अफाट संग्रहाची जबाबदारी 1990 पासूनच योआखिम गाउक या पाद्र्याकडे होती. रॅकवर एकापुढे एक मांडले तर 111 किलोमीटर भरतील इतके कागद. तेव्हापासून तीस लाखांहून अधिक अर्ज स्वतःची फाइल पाहण्यासाठी आले. सूडाचा जो रक्तपात होईल म्हणून भीती घातली जात होती, तो झाला नाही.

फाइल वाचायची पद्धत ठरलेली. अर्ज करायचा, ओळख पटवायची, आणि थांबायचं, कधी महिने, कधी वर्षंही. मग वाचनकक्षात टेबलावर गठ्ठा येतो. त्यात ज्या इतर पीडितांचे खासगी तपशील असतील त्यांची नावं काळी केलेली असतात. खबऱ्याचं टोपणनाव तसंच ठेवलेलं असतं. त्यामागचं खरं नाव हवं असेल तर वेगळा अर्ज करावा लागतो. ही दुसरी पायरी मला फार शहाणपणाची वाटते. किती सत्य पेलवेल हे ज्याचं त्याने ठरवायचं. काही जण फाइल मागतच नाहीत, काही वाचतात पण नाव विचारत नाहीत. तोही त्यांचा हक्कच. मात्र सत्य कपाटात आहे आणि किल्ली आपल्याकडे आहे, यानेच माणसाला बराच धीर येतो.

या वाचनाचा आणखी एक लाभ झाला, ज्याची फारशी कुणी अपेक्षा केली नव्हती. अनेकांनी वर्षानुवर्षं भलत्याच मित्रावर संशय घेतला होता. फाइल वाचल्यावर तो मित्र निर्दोष निघाला. संशय होता तोवर दहा जणांवरचा विश्वास उडालेला. सत्य कळल्यावर एक माणूस गेला आणि नऊ परत मिळाले.

क्षमेचा क्रम

क्नूडने पुढे व्हेराची माफी मागितली, आणि तिने क्षमा केली असं तिने जाहीरपणे सांगितलं. तो नंतर आयर्लंडला राहत होता, पार्किन्सन्सने ग्रासला होता, 2012 मध्ये तिथेच वारला. शेडलिश बंधूंची गोष्ट अशा वळणावर आली नाही. कुणी क्षमा करावी की नाही, हे बाहेरच्याने सांगू नये. पण क्रम महत्त्वाचा आहे. व्हेराची क्षमा आली ती सगळं कळल्यावर, नातं तिच्या अटींवर संपल्यावर, त्याने केलेलं त्याने कबूल केल्यावर, आणि पुष्कळ वर्षं गेल्यावर.

आपल्याकडे हा क्रम उलटा लावतात. सातबाऱ्यावरून बहिणीचं नाव परस्पर उडवणारा भाऊ असतो, भिशीचे पैसे घेऊन गाव सोडणारी मैत्रीण असते, जामीन राहायला लावून हात वर करणारा मेहुणा असतो. केसाने गळा कापलेला असतो. पण जिचा कापला तिला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं जातं, झालं गेलं गंगेला मिळालं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? लग्नाकार्यात एका पंगतीला बसायचं आहे. हे सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, त्यांना घर टिकवायचं असतं. पण ते टिकवतात ते घराचं दर्शनी रूप. आत एक माणूस सगळ्यांच्या सोयीसाठी गप्प बसलेला असतो, आणि ज्याने दगा दिला त्याला त्या गप्प बसण्याचा आयता फायदा मिळतो.

फसवल्या गेलेल्या माणसाला विसर पडायला मदत नको असते. काय घडलं, केव्हापासून, कुणाकुणाला ठाऊक होतं, हे त्याला हवं असतं. तो तेच तेच विचारत राहतो तेव्हा तो उगाळत नसतो, आपली वर्षं एकेक करून परत मागत असतो. ऐकणाऱ्याने तेवढं ऐकावं, 'तुला कळलं नाही कसं?' हे विचारू नये, आणि 'असं झालं होतं, हे खरं आहे' एवढं म्हणावं. सावरण्याची सुरुवात बहुधा या एका कबुलीपासून होते.

स्टासीच्या फायलींत अयशस्वी भरतीच्या नोंदीही आहेत. अमुक माणसाला गाठलं, समजावलं, धमकावलं, आणि त्याने नकार दिला. त्या माणसांत फार शूर असे थोडेच होते. चर्चच्या वर्तुळात तर नकाराची एक साधी युक्ती सर्वांना ठाऊक होती. खात्याची पहिली अट असायची की आपलं बोलणं कुणालाही सांगायचं नाही. मग घरी जायचं आणि सांगून टाकायचं: बायकोला, पाद्र्याला, कामावरच्या सोबत्यांना, 'माझ्याकडे ते आले होते.' एवढं कळलं की खातं त्या माणसाचा नाद सोडून देई, कारण गुपित फुटलेला खबऱ्या त्यांच्या उपयोगाचा नसे. इतकी मोठी, लाखो हातांची यंत्रणा, आणि तिच्यापासून सुटायला घरच्या माणसाशी खरं बोलणं पुरत होतं. दग्याला गुप्ततेशिवाय जगता येत नाही. म्हणून ज्यांच्यावर आपला जीव आहे त्यांच्यापासून काय लपवायची वेळ आपल्यावर येते आहे, याकडे प्रत्येकाने लक्ष ठेवावं, आणि ती वेळ आली की त्याच दिवशी बोलावं.